मजुरीचा रकाना

गावाकडच्या शाळेत जानेवारीत बाल आनंद मेळावा होता. दोन बाक जोडायचे, त्यावर आईची जुनी साडी अंथरायची, की झाला गाळा. असे पंधरा-वीस गाळे मैदानात ओळीने मांडलेले. भेळ, मिसळ, उकडलेली अंडी, मठ्ठा, गुलाबजाम, हरभऱ्याची भाजी आणि भाकरी. बरेचसे पदार्थ घरून डब्यातून आले होते, आयांनी पहाटे उठून केलेले. तिथल्या तिथे काही शिजत होतं ते एकाच गाळ्यावर. आठवीतली एक मुलगी थालीपीठं लावत होती. ओल्या फडक्यावर गोळा ठेवायचा, बोटं पाण्यात बुडवून थापत थापत कडेपर्यंत न्यायचा, मधे एक भोक आणि भोवती चार, मग फडकं उचलून तव्यावर पालथं घालायचं आणि एका टोकाकडून असं सोडवायचं की कड जराही मोडत नाही. मी बराच वेळ नुसती तिचे हात बघत उभी होते. कांदा आणि खरपूस भाजणीचा वास, शेगडीची धग, आणि लाऊडस्पीकरवरून सरांच्या सूचना. तिच्या शेजारी तिच्याच वर्गातला एक मुलगा श्रीखंडाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसला होता. तो डबा म्हणजे गल्ला. कितीला, म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "दहाला एक." मुलगी मान वर न करता म्हणाली, "दहाला परवडत नाय. बारा पाहिजेत." त्यावर मुलगा म्हणाला, "तू थाप गं."

ती थापत राहिली. मी थालीपीठ घेतलं, तिथेच उभ्याने खाल्लं आणि तिला विचारलं, बारा कसे काढलेस? तिने पिठाच्या हाताने बोटं मोजत सांगितलं. भाजणी किती, एका पिशवी तेलात थालीपीठं किती होतात, कांदा, वर द्यायचं दही, कागदाच्या डिशा. चोख होतं सगळं. मी म्हटलं, आणि तुझे किती धरलेस? ती माझ्याकडे बघत राहिली. प्रश्न तिला कळलाच नाही. पुन्हा विचारावा असं मला वाटेना, मागे गिऱ्हाइकं उभी होती. दुपारी बक्षिसं झाली, त्यात त्या गाळ्याचा दुसरा नंबर आला. मुलगा स्टेजवर गेला, त्याने गुलाबपुष्प घेतलं, आणि पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून नेतृत्वगुण, उद्याचे उद्योजक वगैरे दोन शब्द सांगितले. मुलगी तेव्हा नळावर तवा घासत होती. तिला त्याचं काही वाटलं असेल असं तिच्या चेहऱ्यावरून तरी दिसलं नाही. मला मात्र ते परतीच्या एसटीत पुरलं आणि नंतरही पुरून उरलं.

त्या मुलाचा मला राग नाही. तो वाईट नव्हता, सुट्टे पैसे बरोबर देत होता, म्हाताऱ्या माणसांना बाक सरकवून देत होता. त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं होतं की डबा तुझ्याकडे. तिलाही कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं होतं की तवा तुझ्याकडे. सरांनी सांगितलं असेल असंही नाही. ते इतकं आधीपासून ठरलेलं असतं की कोणाला ते सांगावंच लागत नाही.

आमच्याकडे जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात सप्ताहाच्या शेवटी आमटी-भाकरी असते. काल्याच्या दिवशी सकाळी स्पीकरवरून पुकारा होतो आणि घराघरातून भाकरी जमा होतात. पोरं पाट्या घेऊन दारोदार फिरतात, हल्ली ट्रॅक्टरची ट्रॉली फिरते. देवळामागे मोठाल्या कढया चढवलेल्या असतात आणि त्यात काळ्या मसाल्याची आमटी रटरटत असते. तिचा वास वेशीपर्यंत येतो. मातीत मांडी घालून बसायचं, भाकरी कुस्करून तिचं आळं करायचं, त्यात आमटी ओतून घ्यायची. नाकातून पाणी वाहतंय आणि तरी हात थांबत नाही, असं ते जेवण. मला ते अजूनही जगातल्या कुठल्याही जेवणापेक्षा प्रिय आहे आणि त्याबद्दल वाकडं बोलायची माझी इच्छा नाही. पण इतक्या वर्षांनी त्या पंगतीकडे पाहताना वेगळं काहीतरी दिसतं. गावातली सोळा-सतरा वर्षांची पोरं तिथेच शिकायची. किती माणूस येईल याचा अंदाज घ्यायचा, डाळ किती टाकायची हे आचाऱ्याशी बोलायचं, किराणावाल्याकडून उधारी आणायची, वाढपाला कोण आणि पाण्याला कोण ते ठरवायचं, पंगत उठेपर्यंत पुढची पंगत रोखून धरायची, रुसलेल्या भावकीला हात धरून बसवायचं. ज्याला हे जमलं त्याचं नाव गावात व्हायचं. पुढे सोसायटीत, ग्रामपंचायतीत तोच दिसायचा. आमच्या गावचे दोन सरपंच मी असेच आमटीच्या बादल्या उचलताना पाहिलेले आहेत.

आणि भाकऱ्या? प्रत्येक घरात त्या दिवशी पहाटे चुलीपुढे बाई बसायची आणि तिच्या शेजारी तिची मुलगी. सगळ्या गावाच्या भाकरीचा अंदाज त्या घेत असत, न बोलता, एकमेकींना न विचारता. पाटी दारात आली की चवड टाकायची आणि दार लोटून घ्यायचं. तिथेही अंदाज होता, कष्ट होते, वेळ पाळणं होतं, दुसऱ्याच्या पोटाची काळजी होती. पण तिथून कोणी सरपंच झाली नाही. बायका सरपंच झाल्या त्या आरक्षण आल्यावर.

स्वयंपाकातून माणूस घडवायचा हा विचार आपल्याकडे काही परदेशातून आलेला नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एका छताखाली राहत आणि एका पंगतीला जेवत. दळण, पाणी, लाकडं, स्वयंपाक, सगळं पाळीपाळीने त्यांनीच करायचं. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. पण एका जातीच्या पोराने केलेली भाकरी दुसऱ्या जातीच्या पोराच्या ताटात पडणं ही त्या काळी पुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा मोठी गोष्ट होती, आणि ती आजही पूर्ण झालेली नाही. शाळेत दलित बाईने शिजवलेली खिचडी मुलांनी खाऊ नये म्हणून डबे घरून देणारे पालक आपल्या देशात अजून आहेत. भाऊरावांनी ती गोष्ट भाषणातून सांगितली नाही, पोरांच्या हातात परात दिली. धान्य गावोगावच्या बायकांच्या मूठमूठ धान्यातून यायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. आणि जेव्हा तेही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पोरांना जेवू घालण्यासाठी. त्या १९३० मध्ये गेल्या. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा वड आपल्याला माहीत असतो, त्याच्या फांद्या किती जिल्ह्यांत गेल्या तेही माहीत असतं. मला त्या चुलीपुढच्या बाईचा हिशोब हवा असतो. तो कुठल्याही जमाखर्चात मावणारा नाही हे मान्य, पण म्हणून तो कधी मांडायचाच नाही?

हा प्रश्न मला पाबळने शिकवला.

पाबळ शिरूर तालुक्यात, पुण्याहून फार लांब नाही. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग मूळचे अन्नतंत्रज्ञानातले, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., आधी मैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात. एवढं सगळं सोडून ते पाण्याची टंचाई असलेल्या गावात येऊन राहिले ते शाळेतून गळालेल्या पोरांना हाताने काम करत शिकवण्यासाठी. त्यांनी उभ्या केलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात चार विभाग असतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. महाराष्ट्रातल्या अनेक हायस्कुलांत तो विषय म्हणून शिकवला जातो. चारही विभाग सगळ्यांनी करायचे. मुलींनी वेल्डिंगचा मुखवटा धरायचा आणि मुलांनी कणीक मळायची, यात सवलत नाही. गृह-आरोग्यात मुलं चिक्की, नानकटाई, पाव, लोणची करतात, आहारातली प्रथिनं आणि लोह मोजतात, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. आणि केलेला पदार्थ गावाला विकतात. हे सगळं चांगलंच आहे. पण मला तिथली खरी किमती गोष्ट वाटते ती प्रात्यक्षिकाच्या वहीतली. कुठलीही वस्तू केली की तिची किंमत काढायची. कच्चा माल, त्याचं वजन, दर, इंधन, आणि त्याखाली एक ओळ: मजुरी. लोखंडी स्टूल असो की शेंगदाण्याची चिक्की, ती ओळ भरल्याशिवाय बेरीज करायची नाही.

मी ती वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या ओळीवर थबकले. आमच्या घरात तीन पिढ्या बायकांनी रांधलं. किराण्याची यादी होती, दुधाचं खातं होतं, गॅसच्या सिलिंडरची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असायची. ही ओळ कुठेच नव्हती.

अशाच एका ओळीची गोष्ट पार दूरच्या मुलुखातही सापडते. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या एकेन परगण्यात मारी क्रोमर नावाची खेड्यातली शिक्षिका होती. त्या काळी मुलग्यांसाठी मक्याचे क्लब निघाले होते, कोण एकरी जास्त मका काढतो त्याला बक्षीस. मुलींसाठी काहीच नव्हतं. तिने १९१० मध्ये मुलींचे टोमॅटो क्लब काढले. प्रत्येक मुलीला एक दशांश एकर जमीन, म्हणजे आपल्या भाषेत चार गुंठे. त्यात टोमॅटो लावायचे, काढायचे, डब्यात भरून टिकवायचे आणि विकायचे. टोमॅटो टिकवणं त्या मुलींना घरी शिकायला मिळालंच असतं. नवं होतं ते हे की जमिनीचा तुकडा तिच्या नावाने ओळखला जायचा, खर्च-उत्पन्नाची वही ती स्वतः लिहायची आणि पैसे तिचे असायचे. बापाकडे हात न पसरता त्या पैशांवर शिकायला गेलेल्या मुली त्यातून निघाल्या. अशाच क्लबांमधून पुढे तिथली फोर-एच ही तरुणांची मोठी चळवळ वाढली आणि १९१४ च्या कायद्याने तिला सरकारी आधार मिळाला. तिथेही पंगत एक नव्हतीच. काळ्या मुलींचे क्लब वेगळे. माणसाला अन्नावरून वेगळं बसवण्याची खोड फक्त आपलीच नाही एवढंच त्यातून कळतं, समाधान काही मिळत नाही.

गेली काही वर्षं मी आमच्या घराजवळच्या वस्तीत रविवारी जाते. समाजमंदिराचा हॉल, एक गॅसची शेगडी, देणगीत आलेली भांडी, आणि तेरा ते सतरा वयाची मुलंमुली. त्याला संस्था म्हणावं असं काही नाही, आम्ही शेजारपाजारची चार-पाच माणसं आहोत. मुलं मिळून काहीतरी करतात, खातात, उरलेलं विकतात. पाबळची ती ओळ आम्ही तिथे आणली. कामं पाच: बाजार, चूल, वाढप, भांडी आणि वही. दर वेळी चिठ्ठ्या टाकायच्या. सुरुवातीला चिठ्ठ्या उघडल्या की दोन मिनिटांत बाजार भरायचा, अदलाबदलीचा. मुलाला चूल आली की तो ती मुलीच्या हातात देऊन तिची बाजाराची चिठ्ठी घ्यायचा, आणि ती हसत द्यायची. हे तरी समजण्यासारखं होतं. मला चटका लागला तो एका मुलीने वहीची चिठ्ठी देऊन भांडी मागून घेतली तेव्हा. भांडी घासताना चुकायची भीती नसते, असं ती म्हणाली. मग नियम झाला की चिठ्ठी बदलायची नाही. तो नियम मुलांनीच केला, आणि करताना अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं. पुढच्या रविवारी तिलाच पुन्हा वही आली. तिने ती पेन्सिलीने लिहिली, म्हणजे खोडता येईल. प्रत्येक आकडा लिहून झाला की त्यावरून हलकंच बोट फिरवायची. संपेपर्यंत तिच्या बोटाचं टोक काळं झालं होतं.

चिक्कीचा एक रविवार माझ्या डोक्यातून जात नाही. गुळाचा पाक करणं हे धीराचं काम. गूळ विरघळतो, फेस येतो, मग फेसाचा रंग बदलतो. थेंब पाण्याच्या वाटीत टाकायचा, तो मऊ गोळी झाला तर अजून थांबायचं. वाटीत टाकल्यावर टणक होऊन काठावर वाजला की लगेच दाणे घालायचे, कारण पुढच्या मिनिटाला तो करपतो. चुलीची चिठ्ठी ज्याला आली होती तो मुलगा एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारा. तो वाटीवर कान लावून बसला होता. पाक उत्तम जमला. दाणे घातले, तूप लावलेल्या पोळपाटावर पसरून लाटले, गरम असतानाच सुरीने रेघा मारल्या. मग एकीने तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. दाणे खवट होते. बाजाराची चिठ्ठी आलेल्या मुलाने किलोमागे पैसे वाचवण्यासाठी जुना माल आणला होता, चावून न बघता. आता काय करायचं? वेलदोडा जास्त घालून खपवू, असं एक मत. वस्तीतल्या लहान पोरांना तेवढं कळत नाही, असं दुसरं. वही त्या दिवशी एका नववीतल्या मुलीकडे होती. ती म्हणाली, विकायची नाही. मुलं तिच्यावर तुटून पडली, नुकसान कोण भरणार म्हणून. आम्ही मोठी माणसं भिंतीला टेकून गप्प बसलो होतो. गप्प बसणं हे त्या हॉलमधलं सगळ्यात कठीण काम असतं हे मी मनापासून सांगते. तोंडाशी आलेलं वाक्य गिळताना घसा दुखतो. ती मुलगी उठली नाही, आवाजही चढवला नाही. तिने वहीत आजचं नुकसान लिहिलं, पुढच्या तीन वेळच्या विक्रीतून ते कसं भरायचं ते मांडलं आणि वही सगळ्यांना फिरवली. बाजार करणाऱ्या मुलाची मजुरी कापायची का, असं कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, नाही, त्याने काम केलंय, चुकीचं केलंय ते वेगळं. चिक्की टाकून दिली.

नेतृत्व शिकवायची शिबिरं मी पाहिलेली आहेत. डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांना चालवणं, कागदाचे मनोरे करणं. मुलांना त्यात मजा येते आणि ते वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण त्या मनोऱ्याच्या पडण्याने कोणी उपाशी राहत नाही. अन्नाच्या बाबतीत चुकलं की समोर माणूस असतो, त्याला भूक असते, आणि त्याच्या खिशातले पैसे खरे असतात. म्हणून मला वाटतं मुलांच्या हातात काही द्यायचंच असेल तर पूर्ण द्यावं. नुसती पळी देऊ नये. पदार्थ ठरवणं, खरेदी, किंमत, नासाडी, आणि शेवटी कोणी खायचं, हे सगळं द्यावं. आपल्याकडचे पाककृतींचे वर्ग आणि उन्हाळी शिबिरं पळीवर थांबतात. मुलगा एक दिवस पोळी लाटतो, तिचा फोटो निघतो, आणि सोमवारी घरी पुन्हा ताट पुढ्यात येतं. मुलीला तर त्यातून काहीच मिळत नाही. तिला पोळी आधीच येत होती.

हे मला एका आईने फार स्पष्ट सांगितलं. ती चिडून हॉलवर आली होती. "ताई, हिला घरी काय कमी पडतंय का? घरी चूल, इथं पण चूल. शिकायला पाठवते मी तिला." चार घरची पोळ्यांची कामं करणारी बाई, तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. माझ्याकडे तिला पटवण्यासाठी शब्द नव्हते, म्हणून मुलीनेच वही आणून तिच्यापुढे धरली. आईने ती उलटसुलट पाहिली. वाचायला येत होतं, सावकाश. ही मजुरी कोणाची, म्हणून तिने विचारलं. जिने केलं तिची, मुलगी म्हणाली. दुसऱ्यांच्या घरी पोळ्या केल्या की महिन्याला पैसे मिळतात हे त्या बाईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आपल्या घरच्या डब्यांचं लावून बघ की." मुलीने तिथेच मांडलं. बापाचा डबा, भावाचा डबा, संध्याकाळचं जेवण, महिन्याचे दिवस. आकडा आला तो दोघींनी पाहिला. आई म्हणाली, "राहू दे. बापाला दाखवू नको." पण मुलीला तिने पुढच्या रविवारी पाठवलं.

त्या दिवसापासून एक शंका माझ्या मनात घर करून आहे आणि ती मी इथे दडवणार नाही. सगळ्यालाच मजुरी लावत गेलो तर जेवू घालण्यातली माया कुठे लिहायची? माझी आजी शेवटच्या आजारपणातही मला विचारायची, जेवलीस का. तिच्या हातच्या मऊ भाताला, वर सोडलेल्या तुपाच्या धारेला मी दर लावू? विचारानेही कसंतरी होतं. पण पुढे असंही वाटतं, की मायेचं नाव सांगून तिच्याकडून जे काढून घेतलं गेलं, ते तिने दिलं की आम्ही गृहीत धरलं? तिला कोणी विचारलं नव्हतं. वस्तीतल्या मुलीही आपल्या धाकट्या भावाला घास भरवतात, तेव्हा वही काढत नाहीत. मजुरीचा आकडा माहीत असून तो सोडून देणं आणि आकडा असतो हेच माहीत नसणं, यात फार अंतर आहे. मला एवढंच हवंय की सोडायचा की नाही हे तिने ठरवावं.

गावाकडच्या शाळेतल्या सरांशी मी यावर बोलले. ते ऐकून घेणारे आहेत. पुढच्या मेळाव्यात गल्ला आणि तवा चिठ्ठ्या टाकून द्या, किंमत पत्रकात मजुरी धरायला लावा, असं म्हटल्यावर ते लगेच हो म्हणाले. आयांनी पहाटे करून दिलेले डबे बंद करा, यावर मात्र थांबले, पालक ऐकणार नाहीत म्हणाले. मग मी म्हटलं, मेळावा वर्षातून एकदा, पण तुमच्या शाळेत रोज चूल पेटते. पोषण आहाराचं माप ठरलेलं आहे, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. आज हजेरी किती, त्यावर काढायचं किती, शिल्लक किती, हे गणित रोज मुख्याध्यापकांच्या रजिस्टरात होतं आणि ज्यांच्यासाठी होतं त्या मुलांना ते कधी दिसत नाही. आठवीच्या मुलांना एक आठवडा करू द्या. शिजवणाऱ्या मावशींना मानधन किती मिळतं हेही त्यांनाच विचारू द्या आणि लिहू द्या. सर म्हणाले, रजिस्टर मुलांच्या हाती देता येत नाही, तपासणी असते. ते खरंच आहे. म्हणून दुसरी वही करायची ठरलं आहे, शेजारी ठेवायची, मुलांनी आखलेली. मुलं आणि मुली पाळीने लिहितील. शाळेची परसबाग आहे, मेथी आणि पालक तिथून किती आला त्याचीही नोंद त्यात येईल, पाणी घालणाऱ्याच्या नावासकट. गॅसजवळ मुलांना जाऊ द्यायची सरांची भीती वाजवी आहे, अपघात झाला तर जबाबदारी त्यांच्यावर येते. तेव्हा जूनपासून पहिलं सत्र निवडणं, मोजणं, बाजार आणि वही. चूल दिवाळीनंतर.